शँटी म्हणजे शांती नव्हे, अण्णा

शनिवारी लेकीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय समुद्र. नववीतली पोरगी, एरवी काही अडलं की माझं डोकं खाते. पण या वेळी थेट आजोबांकडे गेली. आजोबा म्हणजे माझे सासरे, अण्णा. त्यांनी मोबाइलवरचा एक मेसेज तिला वाचून दाखवला, तिने तो शब्दन् शब्द पाठ केला, स्टेजवर जाऊन ठोकून दिला आणि दुसरा नंबर घेऊन आली. मला पत्ता लागला तो प्रमाणपत्र फ्रिजवर चिकटवताना. आता तेच भाषण तालुक्याला जायचंय, म्हणून हा सगळा उपद्व्याप.

मेसेज तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन पडला असेल. वर जहाजाचं चित्र, खाली भगवा झेंडा आणि 'प्रत्येक मराठी माणसाने वाचावे, दहा जणांना पाठवावे' अशी तंबी. मजकूर थोडक्यात असा: पाश्चात्त्य खलाशांची 'सी शँटी' नावाची जी गाणी मध्यंतरी इंटरनेटवर गाजली, ती मुळात आपली. शँटी हा शब्द 'शांती'वरून आला. कान्होजी आंग्र्यांचे खलाशी समुद्र शांत व्हावा म्हणून ही गाणी म्हणायचे. १७५६ साली विजयदुर्ग पडला तेव्हा इंग्रजांनी ती चोरली, चाच्यांनी जगभर नेली आणि ब्रिटिश आरमाराने त्यांच्याच तालावर, रम ढोसत, जग जिंकलं. शेवटी, या गाण्यांच्या लहरींनी वादळ शमतं हे जर्मन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. (हे शास्त्रज्ञ दर वेळी जर्मनच का असतात, देव जाणे.)

अण्णांशी मी वाद घातला नाही. ते ३१ वर्षं मुंबईच्या गोदीत क्रेनवर होते. समुद्र, बोट, दोर या विषयांत आमच्या घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. शिवाय तोंडी वादात ते आवाज चढवतात आणि मी हरते. म्हणून लिहून काढते.

'शँटी हा संस्कृत शांतीचा अपभ्रंश आहे.'

दोन शब्द कानाला सारखे लागले की ते सख्खे भाऊ, ही आपली जुनी खोड. या न्यायाने पंप हा शब्द पंपा सरोवरावरून आला असणार. फ्रेंचमध्ये गाणं म्हणण्याला 'शाँते' म्हणतात, आणि बहुतेक अभ्यासक शँटीचं मूळ तिथे किंवा त्याच घराण्यातल्या इंग्रजी 'चँट'मध्ये शोधतात. सुरुवातीच्या पुस्तकांत हा शब्द चँटसारखाच 'सी-एच'ने लिहिलेला आहे, तो याच नात्याने. लाकूडतोड्यांच्या झोपड्यांना शँटी म्हणत, तिथून तो जहाजावर गेला असंही एक मत आहे. भांडण जुनं आहे आणि चालू आहे. पण त्या भांडणात संस्कृतला कोणी बोलावलेलं नाही.

तारखा बघा. इथे मी एका माणसाला साक्षीला बोलावते आणि पुढेही त्याच्याच जिवावर बोलणार आहे, कारण तो स्वतः दोर ओढून आलेला आहे. रिचर्ड हेन्री डेना. अमेरिकेत हार्वर्डला शिकत होता, गोवर निघाला, डोळे अधू झाले, वाचन बंद पडलं. घरी बसून राहण्याऐवजी पठ्ठ्या १८३४ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनहून 'पिल्ग्रिम' नावाच्या जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला. दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न, त्याला वळसा घालून कॅलिफोर्निया, तिथे किनाऱ्याकिनाऱ्याने गुरांची कातडी गोळा करणं, आणि १८३६ मध्ये 'अलर्ट' या दुसऱ्या जहाजाने परत. १८४० मध्ये त्याचं 'टू इयर्स बिफोर द मास्ट' छापून आलं. त्यात खलाशांच्या कामाच्या गाण्यांवर त्याने भरपूर लिहिलंय. गाण्यांची नावं दिलीत, ती कधी म्हणतात, कोण म्हणतं, कशाला लागतात, सगळं. फक्त शँटी हा शब्द त्यात नाही. 'चँटीमॅन', म्हणजे गाणं सांगणारा गडी, हा शब्द छापात दिसायला लागतो तो १८५० च्या दशकात. त्याच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो रुळतो. कान्होजी आंग्रे वारले १७२९ मध्ये. मधली सव्वाशे वर्षं हा शब्द काय कुलाब्याच्या तळघरात लपून बसला होता?

आणि अर्थ तरी जुळावा! डेना सांगतो की एकटा ओळ म्हणतो, धृपद सगळे मिळून म्हणतात, आणि आरडाओरडा जितका मोठा तितकं चांगलं. शिपायाला ढोल आणि बासरी, तसं खलाशाला गाणं. त्याशिवाय त्यांना एका ठेक्यात ओढता येत नाही, जीव लावून ओढता येत नाही, असं तो म्हणतो. यात शांती कुठे आहे? समुद्राला शांत करायची भानगडच नाही. शीड वर जायला पाहिजे, बस.

हे ज्याला कळलं त्याला शँटी कळली. आपल्याकडे भलरी आहे, मोटेवरची गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. त्याच जातकुळीतली ही गोष्ट. शिडाची आडवी काठी डोलकाठीवर चढवायची आहे. शीड भिजून जड झालंय, दोर वर कप्पीतून खाली आलाय आणि तो धरून आठ-दहा माणसं उभी आहेत. प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ओढलं तर काठी जागची हलत नाही. मग एक जण ओळ म्हणतो. त्या ओळीत बाकीचे श्वास घेतात, दोरावरची पकड पुढे सरकवतात. मग सगळे मिळून धृपद, आणि धृपदातल्या ठरलेल्या दोन शब्दांवर दोन झटके. परत ओळ, परत श्वास, परत दोन झटके. नांगर उचलायचा असेल तर चाल निराळी, कारण तिथे झटका नाही. उभ्या रहाटाच्या दांड्यांना छाती लावून गोल गोल चालत राहायचं, तासन् तास. तिथे लांब, सरळ चालीचं गाणं. गळक्या जहाजातलं पाणी उपसायच्या पंपावर आणखी वेगळं. म्हणजे गाणं हे जहाजावरचं अवजार. करवत आणि पटाशी आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही, तसंच.

म्हणूनच या गाण्यांत धड गोष्ट नसते. काठी वर पोचली की वरिष्ठ ओरडतो 'बांधा!', आणि गाणं ओळीच्या मध्यावर तुटतं. शीड लवकर चढलं तर चार कडवी, वारा उलटा असेल तर चौदा. सांगणारा कडवी मनानेच जुळवत जातो, इकडची ओळ तिकडे डकवतो, आणि संधी साधून कप्तानाच्या कंजूषपणावर, किडक्या बिस्किटांवर दोन ओळी ठेवून देतो. जे बोललं तर शिक्षा, ते गाण्यात चालून जायचं. जात्यावर बसून सासूबद्दल ओवी म्हणणाऱ्या बायकांना ही सोय समजावून सांगायला नको. (सासरे हे वाचणार आहेत याची मला कल्पना आहे.)

'ही गाणी आंग्र्यांच्या आरमाराची. विजयदुर्ग पडल्यावर इंग्रजांनी चोरली.'

या वाक्याने मी खरी चिडले. बाकीचं हास्यास्पद आहे. यात मात्र ज्यांनी ही गाणी घडवली त्यांच्या तोंडचा घास काढून घेतलाय.

१७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गासमोर काय झालं ते नीट माहीत आहे. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून गेलं. समोर इंग्रजांचा वॉटसन आणि क्लाइव्ह होते, आणि त्यांच्या बाजूला पेशव्यांची फौज होती, हे मेसेज लिहिणारा सोयीस्करपणे विसरतो. जळत्या गलबतांमधून गाणी चोरायची म्हणजे नक्की काय करायचं, हेही त्याने सांगितलेलं नाही. आंग्र्यांच्या वल्हेकऱ्यांनी वल्हवताना गाणी म्हटली असतील का? म्हटलीच असतील. जगात मुक्याने वल्हवणारा कोण आहे? पण त्यावरून पुढे शंभर वर्षांनी लिव्हरपूलच्या खलाशाच्या तोंडचं गाणं आपलं ठरत नाही.

मग ती कुठून आली? धागा जातो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत, कॅरिबियन बेटांत, आणि तिथल्या काळ्या मजुरांकडे. मोबाइल नावाचं बंदर आहे अलाबामामध्ये (फोनचा काही संबंध नाही). १९ व्या शतकाच्या मध्यावर तिथून जहाजं भरभरून कापूस लिव्हरपूलला जायचा. कापूस हलका पण फुगीर. नुसता रचला तर जहाज अर्धं रिकामंच निघायचं. म्हणून जहाजाच्या पोटात मोठमोठे स्क्रू-जॅक लावून गासड्या एकमेकींत कोंबत. चार-चार माणसं दांड्याला, आणि त्यांच्यात एक गाणं सांगणारा. चार्ल्स नॉर्डहॉफ नावाच्या खलाशाने हे बघून लिहून ठेवलंय, आणि 'चँटीमॅन' हा शब्द छापात आणणाऱ्या पहिल्या काही जणांत तो आहे. जहाजाचं पोट, अंधार, उकाडा, कापसाची धूळ, आणि प्रत्येक धृपदाला स्क्रूचा एक फेरा. एक जण सांगतो, बाकीचे उत्तर देतात, ही तऱ्हा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या शेतावरच्या आणि होड्यांवरच्या गाण्यांत आधीपासून मुरलेली होती. उत्तरेकडचे आयरिश, इंग्रज खलाशी थंडीच्या दिवसांत अटलांटिक टाळून याच बंदरांत कापूस दाबायला यायचे, तिथली गाणी उचलायचे आणि वसंतात जहाजावर चढून डोलकाठीखाली म्हणायचे. काळ्या खलाशांच्या तुकड्या गोऱ्यांच्या शेजारी त्याच जहाजांवर काम करायच्या. गाणी अशी घडली. चोरी म्हणायचीच असेल तर चोरी कोणाकडून झाली याचं उत्तर इथे आहे.

डेनाकडेही हेच दृश्य आहे, फक्त कापसाच्या जागी कातडी. सॅन दिएगोच्या किनाऱ्यावर 'अलर्ट'मध्ये ४०,००० कातडी भरायची होती. जहाज भरलं, आता एकही मावणार नाही असं दिसलं, की खरं काम सुरू. पंचवीस ते पन्नास कातडी मधोमध दुमडून एकीत एक घालायची, पुस्तकाच्या पानांसारखी. त्यांना ते 'बुक'च म्हणत. मग त्या पुस्तकाचं टोक आधीच्या थप्पीच्या फटीत घालायचं, मागे लांब सोटे लावायचे, सोट्यांना कप्प्या आणि दोर, आणि सगळ्यांनी ओढायचं. पुस्तक फटीत घुसेपर्यंत. डेना लिहितो की कधी कधी एकामागून एक दोन-तीन गाणी लावून बघायचे आणि दोर तसूभर हलायचा नाही. मग कोणी तरी नवं गाणं उचलायचा, ते त्या क्षणाला बरोबर लागू पडायचं, आणि कप्प्या एकमेकींना जाऊन भिडायच्या. साध्या ओढीला कुठली गाणी चालतात आणि जहाजाच्या तुळया हलवणाऱ्या, मेलेल्याला उठवणाऱ्या ओढीला कुठली लागतात, याची त्याने नावानिशी वर्गवारी दिलीय. वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हे सगळं सोडून त्या मेसेजला लहरी आठवतात!

आता अर्धं माप मी अण्णांच्या पदरात टाकते, नाइलाजाने. आपल्याकडून काहीच गेलं नाही असं नाही. शब्द गेलेत. खलाशांचा जाडाभरडा 'डंगरी' कपडा आपल्या डोंगरीवरून; मुंबईतल्या डोंगरीचं जाडं कापड, तेच नाव इंग्रजीत गेलं. 'डिंगी', म्हणजे छोटी होडी, आपल्याकडची. गुराब या लढाऊ गलबताला इंग्रजांनी 'ग्रॅब' केलं, पण गुराब स्वतः अरबीतून आलेली, तेव्हा तिथेही फार छाती फुगवू नये. आणि 'लास्कर', म्हणजे हिंदी खलाशी, हा आपल्या लष्कराचाच भाऊबंद, फारसीतून पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला. हे लास्कर युरोपी जहाजांवर हजारोंनी होते. त्यांच्यावर सारंग, म्हणजे मुकादम, सारंगाखाली तांडेल, सुकाणूवर सुखाणी. आगबोटींच्या काळात डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि वाढप-स्वयंपाकात गोव्याची माणसं, हे आपल्याकडच्या कित्येक घरांना आजही ठाऊक आहे. त्यांची बोली, लष्करी, ही हिंदुस्थानी, पोर्तुगीज, अरबी यांची भेळ. गोऱ्या अधिकाऱ्यांना तिच्याशिवाय जहाज चालवता येईना, म्हणून टॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८११ मध्ये कलकत्त्याला इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयनाचा अख्खा कोश छापला. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे आपले खलाशी हवे असतील तर ते हे आहेत, मजुरीवर गेलेले, अर्ध्या पगारावर राबलेले. त्यांना झेंडा नव्हता म्हणून मेसेजमध्ये जागा नाही.

ते काय गात होते हे टिपायला फारसं कोणी वही घेऊन बसलं नाही. इंग्रज खलाशांचं नशीब बरं. लोकगीतं गोळा करणारा सेसिल शार्प १९१४ मध्ये सॉमरसेटमधल्या वॉचेट या छोट्या बंदरात गेला आणि जॉन शॉर्ट नावाच्या म्हाताऱ्या खलाशाकडून पन्नासच्या वर शँट्या उतरवून घेतल्या. म्हातारा त्या गावचा दवंडीवालाही होता, आवाज कसा असेल विचार करा. शार्प वॉचेटला गेला, रत्नागिरीला नाही.

'ही चाच्यांची गाणी. वेलरमन हे ३०० वर्षांपूर्वीचं चाच्यांचं गाणं.'

इथे मेसेजवाल्याची एकट्याची चूक नाही, अर्ध्या जगाची आहे. चाचा म्हटला की लाकडी पाय, खांद्यावर पोपट आणि तोंडात गाणं. हे गाणं त्याच्या तोंडात घातलं स्टीव्हन्सनने, १८८३ मध्ये छापलेल्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीत. त्याआधी त्या गाण्यातल्या 'पेटीवरच्या पंधरा माणसां'ना कोणी ओळखत नव्हतं. अटलांटिकमधल्या चाच्यांचा जोर १७२० च्या दशकात ओसरला. शँटीचे भरभराटीचे दिवस १८२० ते १८७०. आणि चाच्यांना तिची गरजही नव्हती. दुसऱ्याच्या जहाजावर उडी घेऊन मारामारी करायची म्हणून ते जहाजात माणसं कोंबून नेत. दोर ओढायला हात कमी पडायचे नाहीत.

चाच्यांकडे संगीत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा १७२२ मध्ये मारला गेलेला नामांकित चाचा. त्याच्या जहाजाचे नियम १७२४ च्या एका पुस्तकात छापलेत, आणि त्यात एक कलम वाजवणाऱ्यांसाठी आहे: रविवारी सुट्टी; उरलेले सहा दिवस आणि सहा रात्री खास मेहेरबानी असल्याशिवाय सुट्टी नाही. म्हणजे मागाल तेव्हा वाजवा. पकडलेल्या जहाजांवरून वादक धरून आणायचे. हे झालं करमणुकीचं वाजवणं. शँटी नाही.

वेलरमनचं तर सगळं उघड आहे. २०२० च्या डिसेंबरअखेर स्कॉटलंडमधल्या नेथन एव्हन्स या पोस्टमनने ते टिकटॉकवर म्हटलं, जानेवारीत जग त्याच्या मागे गायला लागलं, मार्चमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर होतं. गाणं न्यूझीलंडचं. वेलर हे तीन भाऊ. १८३१ मध्ये त्यांनी डनीडिनजवळ ओटाकोऊ इथे देवमासे मारायचा तळ टाकला. देवमासे किनाऱ्यावर ओढून कापणाऱ्या माणसांना रोख पैसे क्वचितच दिसायचे. कपडे, तंबाखू, दारू अशी मालातच मजुरी. म्हणून त्या गाण्यात वेलरचं साखर, चहा आणि रम घेऊन येणारं जहाज. गाणं कागदावर आलं १९६० च्या दशकात, एका लोकगीत-संग्राहकाने एका म्हाताऱ्याकडून ऐकून घेतलं तेव्हा, आणि पुस्तकात छापलं गेलं १९७३ मध्ये. ३०० वर्षं कुठली? आणि ती शँटीसुद्धा नाही. त्यात सरळ गोष्ट आहे, पोवाड्यासारखी: जहाज, देवमासा, दोर, न संपणारी झुंज. काम संपल्यावर बसून म्हणायचं गाणं. हल्ली समुद्र आला की शँटी, असं चालतं, चालू द्या. पण मग त्यावर चाच्याचा झेंडा लावू नका.

'ब्रिटिश आरमाराने याच तालावर जग जिंकलं.'

उलट. लढाऊ जहाजावर कामाला गाणं म्हणायची साधारणपणे बंदी. तिथे बोसनची, म्हणजे डेकवरच्या मुकादमाची, शिट्टी चालायची, आणि हुकूम शेवटच्या माणसाला ऐकू जायला पाहिजे म्हणून बाकी सगळे चूप. नांगराच्या रहाटावर मात्र कोणी फिडल किंवा बासरी वाजवायचा, तेवढी सूट. कारण माणसांत आहे. ट्रफाल्गरच्या लढाईत, १८०५ मध्ये, 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर ८०० च्या वर माणसं होती. तोफा चालवायला ती लागतच, आणि तोफा थंड असताना तीच दोरावर. १८६९ मध्ये पाण्यात उतरलेलं 'कटी सार्क' हे चहाचं जहाज तीसेक माणसांवर चालायचं. जहाज लहान हे कबूल, पण शिडांचा डोंगर काही लहान नव्हता. मालकाला वेळेवर माल हवा आणि पगार कमी माणसांचा हवा. न्यूयॉर्क-लिव्हरपूल अशी ठरल्या तारखेला सुटणारी जहाजं १८१८ पासून सुरू झाली आणि ही घाई वाढतच गेली. कमी हात, जास्त ओझं. त्या फटीत गाणं बसलं. वाफेचं यंत्र डेकवर आलं, दोर तेच ओढायला लागलं, आणि गाणं गेलं.

मुंबईचा अभिमानच हवा असेल तर 'ट्रिंकोमाली' घ्या. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली लढाऊ नौका, १८१७ मध्ये पाण्यात उतरली, आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. लेकीला म्हटलं, हे घाल भाषणात. तिला झेंड्यापेक्षा हे आवडलं.

'रम पिऊन.'

रम आरमारात मिळायची. १७४० मध्ये व्हर्नन या ॲडमिरलने तिच्यात पाणी घालायला लावलं आणि १९७० च्या जुलैअखेर ती बंद झाली. व्यापारी जहाजांचं वेगळं. अमेरिकी जहाजांपैकी कित्येकांवर दारूच नव्हती. डेना तर म्हणतो, थंडीच्या रात्री गरम कॉफी किंवा चॉकलेट सोडून रम मागणारा खलाशी मी जन्मात पाहिला नाही. केप हॉर्नला, बर्फात, शिडावर चढून उतरलेल्या माणसाचं हे बोलणं आहे.

लहरी, वादळ, जर्मन शास्त्रज्ञ: सोडून द्या, पुढे चला.

रविवारी हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. (ही शांती संस्कृतच.) डेनाच्या कातड्यांच्या पुस्तकाशी त्यांनी मला थांबवलं आणि तो भाग परत वाचायला लावला. सोटे कसे लावायचे ते हाताने करून बघितलं. मेसेजबद्दल चकार शब्द नाही. मग म्हणाले, "आमच्या गोदीत गाणं-बिणं नव्हतं. खाली उभा असलेला माणूस ओरडायचा, हबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड. एवढंच."

मी जागची उठले. हबेस आणि आरिया हे लास्करांचे हुकूम आहेत. जहाजावरून ते गोदीत उतरले, गोदीतून क्रेनवर चढले, आणि आज बांधकामावरच्या क्रेनखालचा बिहारी पोऱ्याही तेच ओरडतो. आरिया तर पोर्तुगीज आहे; शीड किंवा दोर खाली सोडण्याला ते 'अर्रियार' म्हणतात. म्हणजे डोलकाठीखालच्या खलाशाचा शब्द हा माणूस ३१ वर्षं रोज ऐकत होता, आणि पोरीला मात्र त्याने मोबाइलमधून वाचून दाखवलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं? आणि त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

त्याच दुपारी रंगाऱ्यासाठी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट सरकवायचं होतं. नवरा, दीर, मी आणि लेक, चार जण चार दिशांना ओढत होतो, फरशीवर नुसता चरा उठत होता. अण्णा खुर्ची ओढून दारात बसले. "सोडा सगळे. खालून धरा. मी म्हणेन तेव्हाच." मग तो आवाज आला, जो मी लग्नाच्या अठरा वर्षांत घरात कधी ऐकला नव्हता. हाऽऽबेस! कपाट उचललं गेलं. हाऽऽबेस! उंबऱ्यावरून पलीकडे गेलं. 

लेक तिच्या कोपऱ्याखालून ओरडली, "अण्णा, हे भाषणात घेऊ का?"

"आधी आरिया," अण्णा म्हणाले, "बोटं सांभाळून."